पोलादी हात की मंत्र?
टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांत योद्धा, जादूगार, धर्मगुरू हे साचे १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने रूढ केले. ते भविष्यकाळात कसे न्यायचे, याचं सर्वांत धीट उत्तर फासा कंपनीच्या 'शॅडोरन'ने १९८९ मध्ये दिलं. काळ २०५०, शहर सिएटल. इथले एल्फ आणि ड्वार्फ परग्रहावरून येत नाहीत. जगात जादू परतते आणि ते माणसांच्याच पोटी जन्म घेतात. योद्ध्याचा 'स्ट्रीट सामुराई' होतो, कुलपं उघडणाऱ्या चोराच्या जागी संगणकजाळ्यात घुसणारा 'डेकर' येतो.

खरी करामत मात्र नियमांत आहे. पात्राकडे सुरुवातीला 'इसेन्स'चे ६ गुण असतात. शरीरात यंत्र बसवलं की ते घटतात, आणि त्यांच्याबरोबर जादूची ताकदही. त्यामुळे जादूगाराला पोलादी हाताचा मोह फार महाग पडतो. इतकी सुंदर अडचण मला क्वचितच कुठल्या खेळात भेटली.

याउलट पायझो कंपनीच्या 'स्टारफाइंडर' या खेळाने (२०१७) 'टेक्नोमॅन्सर' हा यंत्रं आणि मंत्र एकत्र हाताळणारा जादूगार घडवला. एल्फ-ड्वार्फ मात्र नियमपुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात गेले.