हिरवा चहा आणि रोगजंतू

कच्ची सुपारी, हिरडा आणि बिनदुधाचा चहा, या तिघांत सारखे काय? तुम्ही चटकन म्हणाल, तुरटपणा. पण जिभेला तुरट लागते तेव्हा नेमके काय घडते, याचा कधी विचार केला आहे का? या पदार्थांतील पॉलिफिनॉल नावाची द्रव्ये लाळेतील प्रथिनांना घट्ट धरतात. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. प्रथिनांना असे पकडणारे द्रव्य रोगजंतूंना सुखाने जगू देईल काय?

ही शंका जुनीच आहे. १९०६ साली मॅकनॉट नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने विषमज्वराचे जंतू चहात सोडून पाहिले. चहा उकळता असता तर जंतू मेले यात नवल नव्हते. पण त्याने घेतला होता गार किंवा कोमट चहा, आणि तरीही जंतूंची संख्या घटत गेली! सैनिकांच्या बाटल्यांत पाण्याऐवजी चहा भरावा, असे त्याने सुचवले. त्या काळी विषमज्वराने लष्करात किती माणसे दगावत, हे लक्षात घेतले म्हणजे ही सूचना विनोदी वाटत नाही.

आता हिरव्या चहाकडे वळू. (हा म्हणजे आपल्या परसातला गवती चहा नव्हे, ते निराळेच गवत.) हिरवा आणि काळा चहा एकाच झुडपाचा. पाने खुडून, चुरगाळून तशीच ठेवली की त्यांतील एंझाइममुळे पॉलिफिनॉलांचे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतात व पाने काळपट पडतात. जपानात पाने ताबडतोब वाफवतात, चीनमध्ये बहुधा कढईत भाजतात. एंझाइम निकामी होते आणि ‘कॅटेचिन’ जातीची पॉलिफिनॉले शाबूत राहतात. त्यांतले प्रमुख म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. लांबलचक नाव टाळून आपण त्याला ‘ईजीसीजी’ म्हणू.

ते जंतूला मारते कसे? १९९३ साली जपानी संशोधकांनी दाखवले की कॅटेचिने जंतूच्या पेशीपटलातील मेदाच्या थरात शिरून त्याची मोडतोड करतात. गळवे आणणारा स्टॅफिलोकॉकस यापुढे लवकर नमतो. आतड्यातला ई. कोलाय मात्र चिवट, कारण त्याच्याभोवती बाहेरून आणखी एक पटल असते. याहून मौजेची गोष्ट म्हणजे, पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस ईजीसीजीच्या सोबतीने त्याच औषधांना पुन्हा बळी पडतात. अर्थात, प्रयोगशाळेतील काचपात्रात!

मग ताप आला की हिरवा चहा प्यावा का? थांबा, थोडे गणित करू. स्टॅफिलोकॉकसची वाढ रोखायला दर मिलिलिटरला साधारण १०० मायक्रोग्रॅम ईजीसीजी लागते. कपातल्या चहात ते याहून जास्त असते. पण आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. एक कप प्याल्यावर रक्तात दर मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा सापडत नाही. म्हणजे हवे त्याच्या दोनशेव्या भागाहूनही कमी! विषमज्वराला किंवा न्यूमोनियाला डॉक्टरच हवा. चहाच्या भरवशावर घालवलेले दोन दिवस महागात पडतात. आणि कमी पडते म्हणून अर्काच्या गोळ्या भरमसाट घ्याव्यात, तर त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

तोंडातली गोष्ट वेगळी. तिथे चहा जंतूंना थेट भेटतो. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स साखरेपासून चिकट थर बनवून दाताला बिलगतो. तो थर बनवणाऱ्या एंझाइमलाच कॅटेचिने अडवतात. मात्र चहात साखर घातलीत तर या जंतूला तुम्हीच मेजवानी दिली! दूध घातले तर त्यातले केसीन कॅटेचिनांना आधीच पकडते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हिराकस असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याचा एक खडा परीक्षानळीतल्या बिनदुधाच्या चहात टाका. पाहता पाहता शाईसारखा काळा रंग येईल. पॉलिफिनॉलांनी हिराकशीतले लोह पकडले. तसे पकडलेले लोह शरीरात नीट शोषले जात नाही. शाळेत मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर का घेऊ नये, ते आता तुमचे तुम्हीच वर्गात सांगा.