चाळीसगावचा टांगा

मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या तक्रारींची तहकीकात करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. धुळ्याच्या लोहमार्गावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी आटोपून ते चाळीसगावच्या स्टेशनावर परतले, तेव्हा त्यांना रात्रीच्या मुक्कामास नेण्याकरिता महारवाड्यातील मंडळी हार घेऊन उभी होती. वस्ती दोन मैलांवर, बाहेर टांगेही पुष्कळ; तरीही पाहुण्याला सुमारे तासभर तिष्ठावे लागले. कारण अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला राजी नव्हता आणि आपल्या बॅरिस्टर नेत्याने पायी यावे, हे यजमानांना सहन होईना. अखेर तोडगा निघाला, की मालकाने टांगा भाड्याने द्यावा आणि हाकणारा महारांनी आपल्यातलाच आणावा. हाकणारा त्या कामात तरबेज नव्हता. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरील पुलाला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले होते; त्यांतल्या पहिल्याच दगडाला चाक अडखळले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत कोसळला. पायाचे हाड मोडल्यामुळे ते कित्येक दिवस अंथरुणाला खिळले.

या प्रसंगात कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही; उलट सर्वांची अब्रू राहील असा मधला मार्ग काढल्याचे समाधानच त्या टांगेवाल्यांना वाटले असेल. मला भय वाटते ते याच समाधानाचे. बहिष्कार उघड दिसतो, त्याची चौकशी होते, दप्तरी नोंद होते. परंतु लहान गावात सगळेच एकमेकांना ओळखत असल्यामुळे भेदभावाला वहिवाटीचे सौम्य रूप येते आणि त्याविरुद्ध फिर्याद तरी कोणाकडे करावी, हेच उमजत नाही.

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी नकार दिला, त्यांना अटक झाली आणि तेथील कृष्णवर्णीयांनी वर्षाहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला. वंशभेद आणि जातिभेद यांची कुळे निराळी असली, तरी माणसाची प्रतिष्ठा दोन्हीकडे वाहनातील जागेवरच पणाला लागली. त्याच वर्षी आपल्याकडे अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम संमत होऊन सार्वजनिक वाहन, पाणवठा, उपाहारगृह येथील मज्जाव दंडनीय ठरला.

परंतु घराच्या उंबरठ्याच्या आत कायद्याचा हात फारसा पोहोचत नाही. तेथे खानदेशाने ज्यांच्याकडे पाहावे, ते साने गुरुजी. मूळचे कोकणातल्या पालगडचे. पण १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना छात्रालयातील मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. परमुलखातला हा शिक्षक खानदेशाने आपला मानला, ही या भूमीची थोरवीच म्हटली पाहिजे. पंढरीचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून प्राण पणाला लावून त्यांनी उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले.

आज सातपुड्याच्या पाड्यांतून भिल्ल, पावरा, तडवी मुले-मुली शिक्षणासाठी धुळ्या-जळगावात येतात. त्यांच्यापैकी कोणी खोली विचारावयास आपल्या दारी आले, तर आडनावाची विचारपूस न करता किल्ली त्याच्या हाती द्यावी; आणि पुढच्या सणाला त्याचे पान आपल्याच पंक्तीत मांडावे.