घर पाहावे विकत घेऊन

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. आज निगडीसारख्या ठिकाणी मात्र पुष्कळ जण घर बांधीत नाहीत. दुसरा कोणी राहून गेलेले घर विकत घेतात. आमच्या शेजारचे एक काका कारखान्यातून निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधीचे पैसे आणि गावाकडची थोडी जमीन विकून आलेली रक्कम घालून त्यांनी दोन खोल्यांचे बैठे घर घेतले. वर्षभराने वर एक खोली चढवावी म्हणून परवानगी मागायला गेले, तेव्हा कळले की घर 'रेड झोन'मध्ये आहे. जुन्या मालकाला जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही विचारलंत कुठं?"

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. घराचा पूर्वेतिहास आपण होऊन सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य नाही काय? याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याचे ५५ वे कलम सांगते की, मालमत्तेत किंवा तिच्या मालकी हक्कात महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्यास ठाऊक असेल, घेणाऱ्यास ठाऊक नसेल आणि साधारण दक्षता घेऊनही त्याच्या लक्षात येण्याजोगा नसेल, तर विकणाऱ्याने तो उघड केलाच पाहिजे. असा दोष लपविणे म्हणजे कपटच, असेही तेथे म्हटले आहे. घरावरचे कर्ज, भावाभावांतील वाटणीचा दावा, रंगाखाली दडवलेली तुळईची तडे ही याची उदाहरणे होत. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर भरणेही विकणाऱ्याकडेच असते.

परंतु खरी मेख 'साधारण दक्षता' या दोन शब्दांत आहे. जे डोळ्यांना दिसते किंवा सरकारी दप्तरात पाहता येते, ते पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. नोंदलेला दस्त तर घेणाऱ्यास ठाऊकच होता, असे कायदा सर्वसाधारणपणे धरून चालतो. शिवाय करारात वेगळे काही ठरले नसेल तरच हे कलम लागू होते. खरेदीखतात 'मिळकत पाहून व समजून घेतली आहे' असे वाक्य का घालतात, हे आता ध्यानी येईल.

आता निगडीकडे वळू. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराच्या हद्दीपासून दोन हजार यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरपर्यंत, बांधकामावर निर्बंध आहेत. या निर्बंधांमागे संरक्षणविषयक १९०३ चा कायदा आहे. निगडी, यमुनानगर, तळवडे यांचा काही भाग या पट्ट्यात येतो. घरात उभे राहून ही रेषा दिसत नाही. भिंत सरळ, छप्पर कोरडे, नळाला पाणी! पण नकाशावर रेषा आहे. तेव्हा 'नकाशा पाहायचा होता' असे विकणारा म्हणू शकतो, आणि 'ठाऊक असून लपवलेत' असे घेणारा म्हणू शकतो. वाद न्यायालयात जातो आणि तोवर काकांची पुंजी त्या दोन खोल्यांत अडकून पडते.

दुसरी गोष्ट प्राधिकरणाची. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले. त्याने भूखंड दिले ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे विकणारा जमिनीचा पूर्ण मालक नव्हे, पट्टेदार. आणि हस्तांतरणास प्राधिकरणाची परवानगी लागे. २०२१ साली प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन झाले, तरी मूळ पट्ट्यातील अटी वाचल्याशिवाय विसार देऊ नये.

घरात घडलेल्या मृत्यूविषयी किंवा भुताटकीच्या वदंतेविषयी आपला कायदा स्पष्टपणे काही म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने मात्र १९९१ साली घेणाऱ्यास करार मोडण्याची मुभा दिली. कारण मालकिणीनेच घरात भुते असल्याची प्रसिद्धी केली होती, आणि परगावच्या माणसाला घर तपासून ते कळणे शक्य नव्हते. भुताचे सोडा, कसोटी तीच आहे : साध्या तपासणीने कळले असते काय?

नव्या इमारतीच्या बिल्डरवर १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आणि २०१६ चा रेरा कायदा यांनी माहिती उघड करण्याचे कडक बंधन घातले आहे. जुने घर विकणाऱ्या सामान्य माणसाला मात्र मुख्यतः १८८२ चाच कायदा लागू होतो.

मग काकांनी काय करावयास हवे होते? याचेही उत्तर ५५ व्या कलमातच आहे. घेणाऱ्याने मिळकतीविषयी वा हक्काविषयी प्रश्न विचारला, तर विकणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे बंधनकारक आहे. मागितल्यास मालकीची कागदपत्रेही दाखवावी लागतात. म्हणून प्रश्न लेखी विचारावेत : घर रेड झोनमध्ये आहे काय? बोजा आहे काय? दावा चालू आहे काय? जमीन मालकीची की पट्ट्याची? उत्तरावर सही घ्यावी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंदी वकिलाकडून तपासून घ्याव्यात आणि महापालिकेतील नकाशा स्वतः पाहावा.

'तुम्ही विचारलंत कुठं?' हे त्या मालकाचे उत्तर माणुसकीला धरून नव्हते. पण विचारलेला प्रश्न आणि त्यावर आलेले खोटे उत्तर जर कागदावर असते, तर ते वाक्य उच्चारण्याची त्याची छातीच झाली नसती. विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी उद्या असा व्यवहार होईल. आईवडील भिडेखातर गप्प बसतील. तेव्हा शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने भीड बाजूला ठेवून तो प्रश्न विचारावा.