‘बघा आणि टाळा’ : गर्दीच्या आकाशातलं छोटं विमान

आजचा विषय आहे छोटी विमानं. दोन-चार माणसं बसतील एवढी, पुढे एकच पंखा असलेली. विमानांची हवेतली टक्कर म्हटलं की आपल्याला १९९६ सालची चरखी दादरी आठवते. ती दोन्ही मोठी विमानं होती आणि दोघांनाही जमिनीवरून सूचना मिळत होत्या. छोट्या विमानाचा मामला वेगळा. स्वच्छ हवेत त्याचा पायलट बहुतेक वेळा ‘दृश्य नियमां’नी उडतो. म्हणजे रस्ता त्याने शोधायचा आणि समोरच्याला टाळायचंही त्यानेच. या तत्त्वाचं नाव ‘बघा आणि टाळा’. ऐकायला सोपं वाटतं. ते किती अवघड आहे, ते आज बघू.

लॉस एंजेलिसचं उदाहरण घेऊ. ३१ ऑगस्ट १९८६, रविवार, दुपारी बाराच्या थोडं आधी. हवा स्वच्छ, ऊन लख्ख. टॉरन्सच्या छोट्या विमानतळावरून तीन माणसांना घेऊन एक पायपर विमान बिग बेअरकडे निघालं होतं. त्याच वेळी मेक्सिकोहून आलेलं एरोमेक्सिकोचं डीसी-९ उतरण्यासाठी खाली येत होतं. सेरिटोस गावाच्या वर, सुमारे साडेसहा हजार फुटांवर, पायपर त्या जेटच्या शेपटीवर आदळलं. दोन्ही विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५, असे ८२ जण गेले.

आता कुणीही विचारेल, एवढ्या उजेडात एकमेकांना दिसलं कसं नाही?

पहिली गोष्ट, जे विमान तुम्हाला धडकणार असतं ते काचेत हलत नाही. दोघंही सरळ रेषेत, एकाच वेगाने चालले असतील आणि पुढे एकाच बिंदूला मिळणार असतील, तर समोरचा ठिपका काचेवर एकाच जागी चिकटून राहतो, फक्त मोठा होत जातो. आपली नजर हलणारी वस्तू पटकन पकडते, स्थिर ठिपका सोडून देते. म्हणजे जे विमान सरकताना दिसतं त्याच्यापासून धोका कमी, आणि जे सरकत नाही तेच धोक्याचं.

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने पायलटांसाठी एक तक्ता दिलाय. वस्तू दिसायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १, टक्कर होणार हे कळायला ५, काय करायचं ते ठरवायला ४, हात हलायला ०.४ आणि विमान वळायला २. बेरीज करा, साडेबारा सेकंद.

आता दोन छोटी विमानं समोरासमोर येतायत, प्रत्येकी १२० नॉटने. दोघांचा मिळून वेग २४० नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण १२३ मीटर. साडेबारा सेकंदांत दीड किलोमीटर संपतो. म्हणजे समोरचं विमान निदान दीड किलोमीटरवर असताना दिसायला हवं. समोरून त्याची मुख्य कुडी जेमतेम एक-सव्वा मीटर रुंद. ती दीड किलोमीटरवरून दिसते तेवढीच, जेवढा दीड मीटरवर ठेवलेला राईचा दाणा. पंख दिसतात, पण धारेवरून, बारीक रेघेसारखे. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट होतो, त्यामुळे बराच वेळ तो दाणा दाणाच राहतो आणि शेवटच्या दोन-चार सेकंदांत अचानक फुगतो.

तिसरी गोष्ट डोळ्याची. रिकाम्या निळ्या आकाशाकडे बघताना डोळ्याला धरायला काही मिळत नाही. मग तो आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि लांबचं पुसट होतं. म्हणून पायलटला शिकवतात की नजर झाडूसारखी सरसर फिरवू नकोस. आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांब. विमानाच्या आड काय लपलंय ते बघायला मान हलव, वळण्याआधी पंख उचलून त्या बाजूला बघ.

सेरिटोसच्या चौकशीत ‘बघा आणि टाळा’च्या याच मर्यादांवर बोट ठेवलं गेलं. पण आणखीही कारणं होती. मोठ्या विमानतळाभोवतीचं नियंत्रित आकाश कसं असतं? मडक्यांची उतरंड उलटी करून ठेवल्यासारखं. तळाशी अरुंद, वर जाल तसं रुंद. पायपर परवानगीशिवाय, नकळत त्यात शिरलं होतं. त्याच्या ट्रान्सपाँडरमधून उंची कळत नव्हती. आणि कंट्रोलरकडून डीसी-९ ला त्याच्याबद्दल इशारा मिळाला नाही.

त्यानंतर नियम बदलले. अशा विमानतळांभोवती ३० सागरी मैलांत उंची सांगणारा ट्रान्सपाँडर आवश्यक झाला. प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. १ जानेवारी २०२० पासून तर गर्दीच्या आकाशात प्रत्येक विमानाने आपली जागा स्वतःच प्रसारित करायची, ज्याला एडीएस-बी म्हणतात.

यातली मला सर्वात आवडणारी युक्ती मात्र साधी आहे. वाटा वेगळ्या करा. लॉस एंजेलिस विमानतळाच्या बरोबर डोक्यावरून छोट्या विमानांसाठी एक ठरलेली वाट जाते. आग्नेयेकडे जाणाऱ्यांनी ३,५०० फुटांवर, वायव्येकडे जाणाऱ्यांनी ४,५०० फुटांवर. दिवे लावलेले, वेग १४० नॉटपर्यंत. जेट उतरतात-चढतात ती विमानतळाच्या दोन टोकांना, बरोबर माथ्यावर ती नसतात. म्हणून एवढ्या गजबजलेल्या विमानतळाचा माथा हीच त्यातल्या त्यात निवांत जागा!

उरलेल्या आकाशातही हेच तत्त्व. जमिनीपासून तीन हजार फुटांच्या वर, पूर्वेच्या अर्ध्या दिशांना जाणाऱ्यांनी विषम हजार अधिक पाचशे, पश्चिमेच्या अर्ध्या दिशांना सम हजार अधिक पाचशे. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं.

इथे एक प्रश्न आलाय, ‘आता पडद्यावर सगळी विमानं दिसतात, मग बाहेर कशाला बघायचं?’ चांगला प्रश्न. ८ ऑगस्ट २००९ ला न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर एक पायपर आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर धडकलं, ९ जण गेले. आसपासची विमानं दाखवणारी माहिती दोघांनाही मिळू शकत होती, पण तिचा नीट उपयोग झाला नाही, असं चौकशीत निघालं. शिवाय पडद्यावर सगळं येतंच असं नाही. काही ग्लायडर, फुगे, जुनी विमानं प्रसारणच करत नाहीत. पडदा कुठे बघायचं ते सांगतो, बघायला तुम्हालाच लागतं.

आणखी एक. बहुतेक टकरी दिवसा, चांगल्या हवेत, छोट्या विमानतळांच्या आसपास होतात, कारण सगळ्यांना उतरायचं एकाच पट्टीवर असतं. सेसनाचे पंख वर असतात, पायपरचे खाली. सेसनाच्या वर पायपर आलं, तर आपापल्या पंखांमुळे दोघंही एकमेकांना आंधळे. अशा वेळी रेडिओवर ‘मी इथे आहे’ हे सांगणं आणि दुसऱ्याचं ऐकणं, हेच डोळे.

आपल्याकडची बरीच मुलं वैमानिक व्हायला अमेरिकेत जातात. उद्या त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला शेजारच्या सीटवर बसवलं, तर नुसते फोटो काढू नका. विमान दिसलं की घड्याळाच्या काट्याने सांगा, ‘दोन वाजता, थोडं वर’. त्याने आधीच बघितलेलं असलं तरी सांगा. बोलायला संकोचू नका, कारण साडेबारातले काही मोलाचे सेकंद तुम्ही त्याला वाचवून देऊ शकता.