बाटलीतलं पाणी बाटलीपुरतंच बोलतं

जायकवाडीहून निघालेलं पाणी सुमारे ४५ किलोमीटरचा प्रवास करून येतं. वाटेत फारोळ्याला ते शुद्ध होतं, नक्षत्रवाडीच्या टाक्यांत चढतं आणि मग काही दिवसांच्या खंडाने छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या गल्लीतल्या नळाला येतं. नळ आला की पहिली धार बऱ्याचदा गढूळ असते, कधी तिला वासही येतो. घरातली बाई ती धार मोरीत सोडून देते आणि पाणी निवळल्यावर हंडा लावते. आता याच नळाचा नमुना तपासायचा झाला, तर तो पहिल्या धारेचा घ्यायचा की दहाव्या मिनिटाचा? दोन्हींचे अहवाल वेगवेगळे येऊ शकतात आणि तरीही दोन्ही खरे असू शकतात.

पाण्यात, हवेत, मातीत घातक जंतू शोधायचे म्हटलं की सगळी अडचण या साध्या प्रश्नापासून सुरू होते. साथ आपसूक आलेली असो, की कोणी मुद्दाम जंतू पसरवल्याचा संशय असो, प्रयोगशाळेपर्यंत जी बाटली पोचते तेवढ्याविषयीच प्रयोगशाळा बोलू शकते. हे ध्यानात न घेतल्यामुळे एका अहवालावर कधी गाव घाबरतं, तर कधी गाव गाफील राहतं. म्हणून काही समजुती एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : चांगलं यंत्र बसवलं की हवेतला जंतू तिथल्या तिथे कळतो.

वस्तुस्थिती : घरात गॅस गळला तर नाकाला कळतं, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. जंतूला ना वास, ना रंग. शिवाय हवेत, धुळीत, मातीत निरुपद्रवी जंतूंची एवढी गर्दी असते की त्यातून एकच घातक जात ओळखायची म्हणजे पंढरीच्या वारीत एक चेहरा शोधण्यासारखं आहे.

अमेरिकेने २००३ मध्ये आपल्या मोठ्या शहरांत हवेवर नजर ठेवणारी ‘बायोवॉच’ योजना सुरू केली. एवढा पैसा आणि तंत्रज्ञान हाताशी असूनही तिथे हवा गाळणारा कागद माणसानेच काढून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. निकाल हाती येईपर्यंत बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत वेळ जातो. २००३ ते २०१४ या काळात या योजनेने १४९ वेळा धोक्याचा जंतू सापडल्याचं कळवलं. त्यातली एकही घटना हल्ल्याशी किंवा साथीशी जोडता आली नाही. यंत्रणेने खोटं सांगितलं असं नव्हे. तिथल्या परिसरात त्या जंतूंचे सख्खे-चुलत भाऊबंद मुळातच राहत होते आणि चाचणीला ते सापडत होते. एखाद्या ठिकाणी एरवी कोणते जंतू असतात याची नोंद हाताशी नसेल, तर नवा पाहुणा कोण आणि जुना रहिवासी कोण, हे ठरवणार कसं?

गैरसमज २ : नमुना निगेटिव्ह आला म्हणजे पाणी सुरक्षित.

वस्तुस्थिती : साधा हिशोब करून पाहू. पाण्याच्या तपासणीत सहसा १०० मिलिलिटर पाणी पाहतात. समजा, एक लिटर पाण्यात सरासरी एकच जंतू आहे. अशा पाण्याच्या दहा बाटल्या भरल्या, तर साधारण नऊ बाटल्यांत काहीच सापडणार नाही. दहाही बाटल्या तपासल्या तरी तीनातून एकदा सगळ्याच कोऱ्या निघू शकतात. जंतू होता, पण आपल्या बाटलीत आला नाही, एवढंच.

त्यात आपल्याकडे पाणी सलग येत नाही. नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो. शेजारून गटार जात असेल आणि वाहिनीला कुठे चीर असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. नक्षत्रवाडीच्या टाकीतलं पाणी स्वच्छ, जलकुंभातलं स्वच्छ आणि एका गल्लीतल्या चार नळांचं मात्र दूषित, असं चित्र त्यामुळे शक्य होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणी भागात गॅस्ट्रोची मोठी साथ आली, तेव्हा शहराने हे जवळून पाहिलं. सगळ्या शहराचं पाणी बिघडलेलं नव्हतं, तरी एक वस्ती आजारी पडली. अशा वेळी टाकीजवळचा नमुना कितीही चोख असला तरी त्या वस्तीबद्दल तो काहीच सांगत नाही.

गैरसमज ३ : पाणी तपासलं म्हणजे त्यातले सगळे जंतू तपासले.

वस्तुस्थिती : पाण्यात शेकडो प्रकारचे रोगजंतू असू शकतात. प्रत्येकाची वेगळी चाचणी रोज करणं कुठल्याच शहराला परवडणारं नाही. म्हणून प्रयोगशाळा एक साक्षीदार शोधते : ई. कोलाय. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा हा जिवाणू पाण्यात दिसला, तर तिथे मैला पोचला असं समजायचं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात सापडता कामा नये. गावागावांत वापरली जाणारी एच-टू-एस बाटलीही याच तत्त्वावर चालते. पाणी भरून ठेवल्यावर ती काळी पडली, तर पाणी पिण्याजोगं नाही.

पण हा साक्षीदार क्लोरीनने लवकर मरतो आणि काही रोगजंतू मरत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेलं होतं आणि तेव्हाच्या मानकांत बसत होतं. कारण होतं क्रिप्टोस्पोरिडियम नावाचं, क्लोरीनला दाद न देणारं परजीवी. प्रयोगशाळेला जे विचारलं जातं त्याचंच उत्तर ती देते. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अहवालात नसतं, म्हणून ‘दोष आढळला नाही’ या वाक्यापुढे ‘कशाचा?’ असं विचारायला हवं.

गैरसमज ४ : नमुना घेणं म्हणजे बाटली भरणं, ते कोणीही करावं.

वस्तुस्थिती : जाणकार आरोग्य कर्मचारी नमुना घेतो तेव्हा नीट पाहा. नळाला बांधलेलं फडकं किंवा नळी तो आधी काढतो. धातूचा नळ असेल तर तोटी ज्योतीवर तापवून घेतो. मग दोन-तीन मिनिटं पाणी वाहू देतो आणि निर्जंतुक बाटली तिच्या तोंडाला बोट न लावता भरतो. वर थोडी जागा मोकळी ठेवतो, बूच लावतो, ठिकाण, तारीख, वेळ लिहितो आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवतो. ती चोवीस तासांच्या आत, जमल्यास त्याही आधी, प्रयोगशाळेत पोचली पाहिजे.

त्या बाटलीच्या तळाशी आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. पाण्यात क्लोरीन उरलेलं असेल तर बाटलीतही ते जंतू मारत राहतं. मग प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी नळातल्यापेक्षा स्वच्छ होतं आणि अहवाल आपल्याला फसवतो. थायोसल्फेट क्लोरीनचं काम तिथेच थांबवतं. घरातली सॉफ्ट ड्रिंकची बाटली धुऊन, भरून, दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हातून नेली, तर तो नमुना नळाचा राहतच नाही.

म्हणूनच साध्या क्लोरीनची ओटी चाचणी जागच्या जागी करतात. गावातला जलसुरक्षक नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं, असा दंडक आहे. रंग आलाच नाही, तर जंतूंचा अहवाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कमी पडली किंवा वाटेत कुठे घाण मिसळली, हे त्याच क्षणी कळतं.

गैरसमज ५ : पॉझिटिव्ह म्हणजे शंभर टक्के खात्री.

वस्तुस्थिती : मराठवाड्याला याचा धडा १९९४ मध्ये मिळाला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात माणसं आजारी पडण्याआधी उंदीर पडले होते आणि घरांत पिसवा वाढल्या होत्या. ऑगस्टअखेर गाठींच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसले. देशात त्याआधी १९६६ पासून माणसांतल्या प्लेगची नोंद नव्हती. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लोक गाड्या भरभरून शहर सोडू लागले. कोणी मुद्दाम हा रोग सोडला, अशा वावड्याही उठल्या.

ऑक्टोबरपर्यंत देशात चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या ६९३ संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यातले ४८८ महाराष्ट्रातले होते. पण या चाचण्यांचा मोठा भाग रक्तातली प्रतिपिंडं पाहणारा होता. जंतू प्रत्यक्ष वाढवून दाखवण्याचा पुरावा सुरुवातीला हाताशी नव्हता आणि त्यावरून जगभरच्या तज्ज्ञांत वाद झाला. पुढे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने रुग्णांच्या थुंकीत प्लेगच्या जंतूची जनुकं दाखवली, तेव्हा चित्र स्पष्ट होत गेलं. दरम्यान विमानं थांबली, निर्यात अडली, माणसं धास्तावली.

चाचणीचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. प्रतिपिंडं सांगतात की शरीराची या जंतूशी किंवा त्याच्या भाऊबंदाशी कधीतरी गाठ पडली होती. पीसीआर सांगते की जंतूच्या जनुकांचा तुकडा इथे आहे, मग जंतू जिवंत असो वा क्लोरीनने मेलेला. वाढ करून दाखवणारी चाचणी सांगते की जंतू जिवंत आहे, पण तिला दिवस लागतात आणि काही जंतू प्रयोगशाळेत वाढायला तयारच नसतात. निकाल पक्का मानायचा तो यांचा आणि गावातल्या प्रत्यक्ष स्थितीचा मेळ बसल्यावर. मामल्यात तर पडलेल्या उंदरांनी अहवालाच्या कितीतरी आधी इशारा दिला होता.

गैरसमज ६ : संशयास्पद वस्तू किंवा मेलेलं पाखरू आपणच उचलून तपासायला न्यावं.

वस्तुस्थिती : जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. इथे नागरिकाचं काम होतं ते पाहण्याचं आणि कळवण्याचं. हात लावण्याचं काम साधनं असलेल्या पशुवैद्यकाचं.

शेतकऱ्यांना फाशी, म्हणजे काळपुळी किंवा अँथ्रॅक्स, ठाऊक आहे. धडधाकट जनावर अचानक दगावतं, नाका-तोंडातून न गोठणारं काळपट रक्त येतं. अशा जनावराचं शवविच्छेदन करायचं नाही, कातडं काढायचं नाही. हवा लागली की हा जंतू स्वतःभोवती टणक कवच करून घेतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. हाच अँथ्रॅक्स २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून पाठवला गेला. २२ जणांना लागण झाली आणि पाच जण दगावले. त्यानंतर पांढऱ्या पावडरीच्या पाकिटांची धास्ती महाराष्ट्रातही पोचली. असं पाकीट दिसलं तर हलवू नये, हुंगू नये. खोलीतून बाहेर पडून दार लावावं, हात साबणाने धुवावेत आणि ११२ ला कळवावं. आपण ते उघडलं तर धोका वाढतोच, वर नमुनाही बिघडतो.

गैरसमज ७ : सांडपाणी तपासून काय कळणार?

वस्तुस्थिती : पोलिओचा विषाणू बहुतेक मुलांत लक्षणं न दाखवता मैल्यावाटे बाहेर पडतो. म्हणून मुंबईत २००१ पासून गटारांच्या पाण्यात त्याचा शोध घेतला जाऊ लागला. एका बाटलीत हजारो घरांची खबर असते आणि कुणाला दवाखान्यात जायची वाट पाहावी लागत नाही. मर्यादा एवढीच की वस्ती कळते, घर कळत नाही.

हे सगळं लिहिलं ते अहवालांवरचा विश्वास उडावा म्हणून नव्हे. प्रयोगशाळेत रात्री जागून काम करणाऱ्यांच्या मेहनतीचं चीज व्हायचं असेल, तर बाहेर आपण अहवाल नीट वाचायला शिकलं पाहिजे. पुढच्या वेळी ‘नमुने निगेटिव्ह’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ अशी बातमी दिसली की चार गोष्टी विचारा : नमुना कुठला, कोणत्या वेळचा, किती नमुने घेतले आणि कोणती चाचणी केली. आणि नळाची पहिली धार गढूळ आली तर ती नुसती मोरीत सोडून देऊ नका. तारीख, वेळ, वास लिहून ठेवा आणि पाणीपुरवठा विभागाला कळवा. नमुना घेणारा माणूस तुमच्या दारी पोचेल तेव्हा त्याने बाटली कोणत्या मिनिटाला धरावी, हे तुमच्या त्या नोंदीवरूनच ठरेल.