परसातला भोपळा आणि सात खंडे

चौथीतल्या पोराला 'जगात खंडे किती?' असे विचारून पाहा. 'सात!' असे एका दमात सांगून तो आशिया, आफ्रिका करीत अंटार्क्टिकापर्यंत सारी नावे म्हणून दाखवील. मग हळूच विचारा, 'आपले तानसा कोणत्या खंडात रे?' पुष्कळदा पोर गप्प बसते. नावे पाठ झाली, पण त्या नावांत आपलेही गाव येते हे मनात उतरले नाही. यात सारा दोष गुरुजींना देऊन चालणार नाही. खेड्यात एकेका गुरुजींकडे दोन-दोन, चार-चार वर्ग असतात. हे काम थोडेफार घरीच, ओटीवर आणि चुलीपाशी व्हायला हवे. त्यासाठी आईबाप फार शिकलेले असावेत असेही नाही.

आपल्याच भागात याचा धडा घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेव्हा तो मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघरात आहे. इटलीच्या माँटेसोरीबाईंची शिक्षणपद्धती चांगली, पण तिची साधने महाग. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. पोरे शाळेत येईनात तेव्हा अंगणवाडी पाड्यावर नेली आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलाच्या हाताशी जे आहे तिथून सुरुवात करायची, ही त्यांची रीत. जगाचा भूगोलही तसाच शिकवता येतो.

सुरुवात ताटापासून करावी. नाचणीची भाकरी आपण वाडवडिलांपासून खातो, वरकस जमिनीत पिकवतो. परंतु नाचणीचे माहेर आफ्रिकेत, इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ मुलखात. काही हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि इथलीच झाली. आजही केनियातली आई पोराला नाचणीची पेज देते. तिकडे पेजेला 'उजी' म्हणतात. आपल्या आंबिलीची ती बहीणच म्हणा ना! चिंचही मूळची आफ्रिकेची, पण अरबांनी तिला 'हिंदी खजूर' असे नाव दिले.

आणि मिरची? ती अमेरिकेची. ज्ञानेश्वर माउलींच्या काळी महाराष्ट्रात तिखटाला मिरी होती, मिरची नव्हती, असे सांगितले तर आजीसुद्धा भाकरी थापायची थांबेल. बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, काजू, सीताफळ हे सगळे त्याच खंडातले पाहुणे. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या गलबतांतून ही पिके जगभर गेली. वसईला पोर्तुगीज दोनशे वर्षे होते. ते गेले, पण घमेले, चावी, पगार हे त्यांचे शब्द आपल्या तोंडी राहिले. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूदेखील मेक्सिकोकडचा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरोघर मृत वाडवडिलांची आठवण करतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात आणि झेंडूच्या फुलांनी जागा सजवतात. आपला पितृपंधरवडा पोराला ठाऊक असतो. ही तुलना त्याला लगेच कळते, 'संस्कृती' हा जड शब्द न उच्चारताही.

आता पृथ्वीचा गोल. दुकानातला आणायलाच हवा असे नाही. परसातला गोलसर लाल भोपळा घ्या, तोही अमेरिकेचाच. पुस्तकातला नकाशा समोर ठेवून कोळशाने खंडांचे आकार काढा. तेवढ्या जागेवर डिंक लावून बारीक रेती चिकटवा. खरखरीत ती जमीन, गुळगुळीत ते पाणी. माँटेसोरीबाईंच्या गोलातही हीच युक्ती आहे. डोळे मिटून पोराला भोपळ्यावरून हात फिरवू द्या. दहा हिश्शांपैकी सात हिश्शांहून थोडे जास्त पाणीच आहे, हे हाताला समजेल. रेतीचे बेट थोडे वाकडे झाले तर झाले. भाजी मात्र दुसऱ्या भोपळ्याची करावी, नाहीतर रात्री रडारड होते.

तानसाच्या पोराला पाण्याचे वेगळे सांगायला नको. १८९२ साली बांधून झालेले धरण आणि मुंबईकडे जाणारे ते मोठे नळ तो रोज पाहतो. पाणी जाते कुठे हे त्याला माहीत. येते कुठून हे विचारा. मग भोपळ्यावर बोट ठेवा. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या हिंदी महासागरावरून वारे निघतात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ वळतात, अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीला अडून आपल्या खाचरात पडतात. 'मोसमी' हा शब्दही अरबी खलाशांचा. रात्री अंधारात भोपळ्यावर बॅटरीचा उजेड टाका आणि भोपळा हळूहळू फिरवा. आपण निजायला जातो तेव्हा अमेरिकेतली पोरे शाळेला निघतात, हे पाहून मुले खूप हसतात. माझ्या पाहण्यात सगळ्यांत रंगणारा खेळ हाच.

मुरबाडकरांना तर आणखी एक ठेवा लाभला आहे. वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट आपण सहलीचा समजतो. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर आणि किनाऱ्याची बंदरे यांच्यामधली ती वहिवाट होती. वर दगडी रांजण आहे. त्यात जकात पडे असे लोक सांगतात. कल्याण आणि सोपारा या बंदरांची नावे त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात आहेत. अरबस्तान, मिसर, रोमपर्यंतचा व्यापार या किनाऱ्यावरून चाले. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात १९४५-४६ मध्ये समुद्रदेवाची छोटी काश्याची मूर्ती सापडली, ती तिकडचीच. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. दान दिलेल्या गाई-घोड्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. आज साऱ्या जगात चालणाऱ्या अंकांचे पूर्वज अशा लेखांत दिसतात. मुलाला घाटात न्याल तेव्हा हे जरूर सांगा.

एका गोष्टीची मात्र चीड येते. 'जगातील लोक' म्हणून जे रंगीत तक्ते मिळतात त्यांत आफ्रिकेचा माणूस हटकून भाला घेतलेला आणि अर्धा उघडा असतो. आफ्रिका हा एक देश नव्हे. तिथे चोपन्न देश आहेत, नैरोबीसारखी मोठी शहरे आहेत. असा तक्ता पाहिलेले पोर दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कातकऱ्याच्या मुलाला 'जंगली' म्हणते. हे मी ऐकले आहे. तो उंदीर खातो म्हणून त्याच्याशेजारी बसायचे नाही! फ्रान्समध्ये लोक गोगलगायी चवीने खातात, हे त्या पोराला कुणी सांगितलेले नसते. घरात मोठी माणसे जे बोलतात तेच वर्गात उमटते, म्हणून जेवताना आपलीही जीभ सांभाळावी लागते.

दिवाळीनंतर ती कातकरी मुले आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. शाळा बुडते, हे दुःखच. पण आपल्या वर्गात सर्वांत जास्त मुलूख त्यांनीच पाहिलेला असतो. परतल्यावर त्यातल्या एखाद्याला घरी बोलवा, ओटीवर बसवा आणि तो कुठकुठे गेला, तिथे कोणती भाषा बोलतात, काय खातात, हे आपल्या पोराला त्याच्याकडून ऐकू द्या. तो बोलत असताना वाटेतली गावे खडूने जमिनीवर काढा. मग मुले सागरगोटे काढतील. कोरियातल्या मुलीही पाच खड्यांनी हाच खेळ खेळतात, हे तेव्हा सांगायला हरकत नाही.