अक्रोडाच्या लाकडावरची सरकारी सही

अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात एम-वन गॅरंड रायफल हाती आली, की मुरलेला संग्राहक नळीत डोकावण्याआधी दस्त्याची डावी बाजू उजेडाकडे तिरकी धरतो. अक्रोडाच्या त्या लाकडात त्याला एक छोटा चौकोनी ठसा हवा असतो. वर ‘एसए’, म्हणजे स्प्रिंगफील्ड आर्मरी हा सरकारी शस्त्रकारखाना, आणि खाली कुणाची तरी आद्याक्षरं. शेजारी लष्कराच्या ऑर्डनन्स खात्याचं चिन्ह, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तोफा. ठसा अस्सल निघाला तर रायफलचा भाव चढतो. साहजिकच त्याच्या नकलाही उदंड आहेत.

गॅरंड १९३६ साली अमेरिकी सैन्यात दाखल झाली. सुरुवातीच्या दस्त्यांवर स्टॅन्ली पी. गिब्ज या तपासनिसाची ‘एसपीजी’ ही अक्षरं दिसतात. १९४० पासून मात्र आर्मरीच्या प्रमुखाच्या नावाचा शिक्का बसू लागला. आधी गिल्बर्ट एच. स्ट्यूअर्ट, १९४२ मध्ये अर्ल मॅकफार्लंड, १९४३ मध्ये जॉर्ज ए. वुडी आणि १९४४ च्या शरदापासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत नॉर्मन एफ. रॅम्झी. (या रॅम्झीसाहेबांच्या त्याच नावाच्या मुलाला १९८९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बापाचं नाव मात्र आजही लोक लाकडात शोधत फिरतात!) गॅरंड बनवणाऱ्या विंचेस्टर कंपनीच्या दस्त्यांवर ‘डब्ल्यूआरए’ आणि त्याखाली त्या भागातल्या ऑर्डनन्स अधिकाऱ्याची आद्याक्षरं. साहेब बदलला की शिक्का बदले, म्हणून हा ठसा म्हणजे जवळजवळ तारीखच.

इथेच पहिली गोम आहे. रिसीव्हरवरचा, म्हणजे रायफलच्या मुख्य धातूच्या सांगाड्यावरचा, क्रमांक १९४२ चा आणि दस्त्यावर रॅम्झींचा ‘एनएफआर’, अशी रायफल हमखास भेटते. ठसाही खरा, रायफलही खरी. पण दोघांचं लग्न नंतर लागलेलं. महायुद्धानंतर लष्करी कारखान्यांत गॅरंड मोठ्या संख्येने दुरुस्त झाल्या. सुटे भाग एकमेकांत बसतील असेच बनवलेले होते, त्यामुळे कुठला दस्ता कुठल्या रिसीव्हरला लागतोय याची फिकीर तिथे कुणालाच नव्हती. दुरुस्ती झाली की कारखाना आपला शिक्का मारी. रॉक आयलंड कारखान्याच्या ‘आरआयए’खाली ‘ईबी’ दिसलं, तर ते तिथले तपासनीस एल्मर बर्की. असा शिक्का काही संग्राहकांना डाग वाटतो. खरं तर तो त्या रायफलच्या नोकरीचा दाखला आहे; तो घासून काढणं म्हणजे सर्व्हिस बुकातलं पान फाडणं.

दुसरा ठसा मुठीच्या पुढच्या बाजूला असतो. वर्तुळातलं ‘पी’ हे एकच अक्षर. जादा दाबाचं काडतूस झाडूनही रायफल शाबूत राहिली, की तो मारला जाई.

मग बनावट ठसा ओळखायचा कसा? खोलीतले दिवे मालवावेत आणि बॅटरीचा झोत लाकडाला जवळजवळ समांतर धरावा. खऱ्या ठशात लाकडाचे तंतू दबलेले असतात, कापलेले नसतात. काठ हाताळून हाताळून गोलावलेले, खाचेत तेल आणि मळ काळा होऊन बसलेला, आणि आजूबाजूचं लाकूड जितकं झिजलंय तितकाच ठसाही झिजलेला. हातोडीने मारलेला शिक्का गोलसर पृष्ठभागावर सगळीकडे सारखा उतरत नाही; एक कड खोल जाते, दुसरी पुसट राहते. लेझरने कोरलेल्या अक्षरांची खोली मात्र एकसारखी असते आणि तळ करपलेला. दस्त्याला सगळीकडे ओरखडे आणि ठसा तेवढा कोराकरकरीत, असं दिसलं की पाकीट खिशात ठेवावं.

आपल्याकडे ओळखीची ती थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. २००८ च्या हल्ल्याच्या रात्रीही ती मुंबई पोलिसांच्या हातात होती. तिच्या जुन्या ब्रिटिश दस्त्यांत उजव्या बाजूला पितळी चकती बसवत आणि तिच्यावर पलटणीचं नाव-क्रमांक कोरत. पहिल्या महायुद्धातल्या घाईत ही चकती वगळली गेली. ‘डीपी’ ही अक्षरं म्हणजे रायफल फक्त कवायतीची, झाडायची नाही. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण असले तर ती सरकारी सेवेतून विकली गेलेली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने दस्त्याचा पुढचा भाग चिरू नये म्हणून त्यात आडवा स्क्रू बसवला, आणि जगभरचे संग्राहक आज त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. ऑस्ट्रेलियात तर टेनिसच्या रॅकेटवाल्या स्लॅझेंजरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दस्ते बनवले. त्यावर ‘एसएलएझेड’ आणि साल सापडतं.

हे ठसे सगळ्यात जास्त बुजवले ते हौसेने. दस्ता ‘नवा’ करायला पॉलिश पेपर मारला की वरचा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरंही. पोचा काढायला ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, तर वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि ठसाही वर येऊन सपाट होतो. परदेशात एखाद्या मराठी घरात अशी रायफल असेल, किंवा एखाद्या संस्थेच्या कपाटात जुने दस्ते पडून असतील, तर आधी तिरक्या उजेडात फोटो काढावेत आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. पॉलिश पेपर मात्र दुकानातच राहू द्यावा.